मदत हवी आहे : युनायटेडकडून २०२५-२६ सीझनला नेमकी किती अपेक्षा ठेवायची होती?

मंडळी, मँचेस्टर युनायटेडचा २०२४-२५ सीझन म्हणजे ३८ मॅचमध्ये ४२ पॉइंट, १८ पराभव आणि १५ वा नंबर, वर स्पेनमधल्या बिलबाओला युरोपा लीगच्या फायनलमध्ये टॉटनहॅमकडून ०-१ हार. तेव्हा रात्री साडेबाराला लावलेला चहा तसाच गार झाला. २०२५-२६ च्या सुरुवातीला नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेले कोच अमोरिम होते, त्यांचा ३-४-३ (मागे तीन, मध्ये चार, पुढे तीन) होता, कुन्हा आणि एम्ब्यूमो हे नवे फॉरवर्ड आले होते, युरोपातल्या स्पर्धा नव्हत्या म्हणजे आठवड्याला बहुतेक एकच मॅच, तर आम्ही काय धरून चालायचं होतं?

मी जुनी टेबलं काढून बघितली. कोच आर्टेटा आल्यावर आर्सेनल दोनदा आठवे, मग पाचवे, मग दुसरे. लिव्हरपूलला क्लॉपचा पहिला सीझनपण आठवाच. पण १५ व्यावरून सुरुवात कुणाचीच नव्हती, त्यामुळे तुलना अर्धवटच वाटते.

"क्लब बदल" आणि "ग्लेझर (क्लबचे मालक) घालवा" ही उत्तरं नकोत, दोन्ही ऐकून झालीयत :) xजीची (किती गोल व्हायला हवे होते त्याचा अंदाज) नुसती आकडेमोडपण नको, आमचा ग्रुप कोल्हापूरचा, शाहू स्टेडियमच्या कट्ट्यावर वाढलेला, आम्हाला डोळ्यांनी दिसेल असं सांगा. विंगबॅक (कडेने वरखाली धावणारे) परत किती वेगाने येतात, बॉल गेल्यावर मधले दोघं एकटे पडतात का, असलं काहीतरी.

तर त्या सीझनच्या पहिल्या दहा मॅचमध्ये, रिझल्ट बाजूला ठेवून, कुठल्या दोन-तीन गोष्टी बघितल्या असत्या तर कळलं असतं गाडी रुळावर येत होती की नुसतेच नवीन डबे जोडले होते?