स्टेफनची बाजू घेते

'द व्हॅम्पायर डायरीज' या मालिकेत स्टेफन आणि डेमन हे व्हॅम्पायर भाऊ, दोघांचंही एलेनावर प्रेम. त्यातला स्टेफन गुळमुळीत आहे, डेमन नसता तर मालिका बघवली नसती, असं या चर्चेत वर दोघा-तिघांनी म्हटलंय. मला हे अजिबात पटत नाही. तिसऱ्या सीझनचा शेवट आठवा. गाडी पुलावरून पाण्यात गेलेली, आत एलेना आणि तिचा बेशुद्ध मित्र मॅट. स्टेफन पोचतो तेव्हा एलेना खुणेनेच सांगते, आधी मॅटला ने. आणि तो ऐकतो! तिला गमावण्याची भीती असूनही तिचा शब्द मोडत नाही. डेमनने तिलाच आधी ओढून काढलं असतं. मला तरी प्रेम म्हणून स्टेफनचं वागणं जास्त मोठं वाटतं.

एलेना आणि हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी व्हॅम्पायर कॅथरीन, या दोन्ही भूमिका करणाऱ्या नीना डोब्रेव्हचं कौतुक मात्र सगळ्यांनी केलंय ते योग्यच. कॅथरीनचे केस कुरळे, एलेनाचे सरळ, ही झाली सोपी खूण. पण कॅथरीन केस सरळ करून एलेना बनून येते तेव्हाही नुसत्या नजरेवरून ओळखू येते. सहाव्या सीझननंतर नीना गेली आणि मालिकेचा कणाच गेला. पुढचे दोन सीझन मी केवळ एलेनाच्या चेटकीण मैत्रिणीसाठी, बॉनीसाठी पाहिले.

त्या पोरीवर लेखकांनी फार अन्याय केला. पहिल्याच सीझनमध्ये आजी गेली, पुढे मैत्रिणीसाठी, तिच्या भावासाठी हिनेच जीव पणाला लावायचा. उशिरा का होईना प्रेम करणारा एन्झो भेटला, तर त्यालाही मारलं. तेही स्टेफनच्या हातून. तेव्हा त्याची माणुसकी बंद होती (या मालिकेतले व्हॅम्पायर आपल्या भावना बंद करू शकतात) हे कळतं, तरी तो भाग मी पुन्हा कधी लावलेला नाही.