सल्ला हवा: आर्किटेक्टची डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची ड्रॉइंग फाइल) आमच्या लेझरवर धड उतरत नाही

हिंगण्याचा पत्रेवाला
नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीत माझं लहानसं शॉप आहे. एक फायबर लेझर, एक बेंडिंग मशीन, तीन माणसं. जाळ्या, रेलिंगचे पॅनल, नेमप्लेट अशी कामं असतात. गिऱ्हाइकाकडून फाइल कधी ऑटोकॅडची येते, कधी कोरलची, आणि आमचं नेस्टिंग सॉफ्टवेअर, म्हणजे पत्र्यावर पीस मांडणारं, फक्त डीएक्सएफ (एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायची ड्रॉइंग फाइल) घेतं, तेही जुन्या व्हर्जनचं.

मागच्या आठवड्यात धरमपेठेतल्या एका बंगल्याच्या जिन्याची जाळी आली. ड्रॉइंगवर रुंदी ३६. पोराने फाइल चढवली, २ मिमीच्या पत्र्यावर पहिला पीस मारला आणि हातात आणून दिला. काडेपेटीपेक्षा लहान. पट्टी लावून मोजलं तर बरोबर ३६ मिलिमीटर. अर्ध्या इंचाच्या पट्ट्या अर्ध्या मिलिमीटरच्या झालेल्या, त्यामुळे निम्मी नक्षी वितळूनच गेली होती.

अंदाजे मोठं करून बघितलं, तर सॉफ्टवेअर म्हणतं ४७ ठिकाणी आकार उघडा आहे, म्हणजे रेषांची टोकं जुळलेली नाहीत. शिवाय वरच्या पट्टीत बंगल्याचं नाव आहे, 'गुरुकृपा'. ते आमच्याकडे 'एक्सक्यू' आणि पुढे काहीतरी चिन्हं असं दिसतं.

आमच्याकडे स्वस्तातलं एक कॅड (ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर) आहे, कमांड ऑटोकॅडसारख्याच. आता पैसे घालून चांगला कन्व्हर्टर घ्यावा का? कोणता?

तर्रीपोहे
काहून पैसे घालता भाऊ, ऑनलाइन ढीगभर कन्व्हर्टर आहेत न फुकटात. फाइल टाका, डीएक्सएफ काढा, झालं.

वर्धा रोडचा ड्राफ्ट्समन
तर्रीपोहे, गिऱ्हाइकाच्या घराचा नकाशा अनोळखी साइटवर टाकायचा? मी तरी नाही टाकणार. आणि भाऊंचा प्रश्न कन्व्हर्टरचा नाहीच आहे. फाइल बरोबरच उघडली, तिचं एकक मात्र कोणी विचारलं नाही.

पत्रेवाले, कॅडच्या फाइलमध्ये रेष ३६ असते. फक्त ३६. ते इंच की मिलिमीटर हे इन्सयुनिट्स नावाच्या एका सेटिंगमध्ये लिहिलेलं असतं, आणि ते भरायचा कंटाळा सगळ्यांनाच असतो. तुम्ही स्वतः बघा. डीएक्सएफ ही साधी मजकुराची फाइल असते. नोटपॅडमध्ये उघडून इन्सयुनिट्स शोधा, त्याच्या आधी डॉलरचं चिन्ह असतं. त्याच्या खालच्या ओळीत ७० दिसेल, त्याखालच्या ओळीत एक आकडा. १ म्हणजे इंच, २ फूट, ४ मिलिमीटर, ५ सेंटिमीटर, ६ मीटर. ० असेल तर काहीच ठरवलेलं नाही, मग समोरचं सॉफ्टवेअर आपल्या मनाने ठरवतं. लेझरवाली बहुतेक सॉफ्टवेअरं मिलिमीटर धरतात.

व्हर्जनचंही तसंच. डीडब्ल्यूजी नोटपॅडमध्ये उघडली तर सगळा कचरा दिसतो, पण पहिली सहा अक्षरं वाचता येतात. एसी १०१५ म्हणजे ऑटोकॅड २०००, १०१८ म्हणजे २००४, १०२१ म्हणजे २००७, १०२४ म्हणजे २०१०, १०२७ म्हणजे २०१३ आणि १०३२ म्हणजे २०१८. तुमच्या सॉफ्टवेअरला २००४ पर्यंतच कळत असेल आणि फाइल १०३२ असेल, तर ती उघडणारच नाही किंवा अर्धवट उघडेल.

कन्व्हर्टर हवाच असेल तर ओपन डिझाइन अलायन्सचा ओडीए फाइल कन्व्हर्टर घ्या, फुकट आहे. एका फोल्डरमध्ये सगळ्या डीडब्ल्यूजी ठेवायच्या, दुसऱ्या फोल्डरमध्ये हव्या त्या व्हर्जनची डीएक्सएफ मिळते. ऑटोडेस्कचं डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यूही फुकट आहे, पण ते डीडब्ल्यूजीची जुनी डीडब्ल्यूजी करून देतं, डीएक्सएफ देत नाही. तुमच्या उपयोगाचं नाही. लिब्रेकॅड डीएक्सएफ बघायला बरं आहे, डीडब्ल्यूजीच्या बाबतीत त्याच्यावर विसंबू नका.

हिंगण्याचा पत्रेवाला
दादा, कन्व्हर्टर टाकला, डीएक्सएफ काढली, नोटपॅडमध्ये शोधलं. ० आहे! मी ते ४ केलं, सेव्ह केलं, तरी जाळी ३६ मिमीचीच येते.

वर्धा रोडचा ड्राफ्ट्समन
येणारच. तो आकडा म्हणजे डब्यावरची चिठ्ठी. चिठ्ठी बदलली म्हणून आतली डाळ बदलत नाही. ४ लिहून तुम्ही उलट पक्कं केलंत की हे ३६ मिलिमीटरच आहे. १ लिहायचं होतं, आणि सॉफ्टवेअर ते वाचत असेल तर इम्पोर्ट करताना तेच २५.४ ने वाढवेल. तुमचं वाचतं का, शंकाच आहे. त्यापेक्षा कॅडमध्ये सगळं निवडा, स्केल, पाया ०,०, आणि २५.४. रुंदी ९१४.४ आली पाहिजे.

आणि एक सवय लावून घ्या. फाइल पाठवणाऱ्याकडे सोबत मापं टाकलेली पीडीएफ मागायची. नेस्टिंगमध्ये घ्यायच्या आधी एक ओळखीचं माप मोजायचं. जिन्याची जाळी ३६ मिमीची कशी असेल, हे पोराला दिसायला हवं होतं.

४७ उघड्या ठिकाणांचं: आधी ओव्हरकिल चालवा, एकावर एक पडलेल्या रेषा जातील. नाहीतर लेझर त्याच रेषेवरून दोनदा जातं आणि कड जळते. मग पीएडिट (रेषा जोडायची कमांड), मल्टिपल, जॉइन, आणि फझ अंतर, म्हणजे किती फट सांधायची ते, ०.०५ द्या. तेवढ्या फटी सांधल्या जातात. फझ २-३ मिलिमीटर कधीही देऊ नका, नक्षीची टोकं भलतीकडेच जोडली जातील. वळणदार वेल स्प्लाइनमध्ये (सलग वक्र रेषेत) काढली असेल तर आर्किटेक्टच्या ऑफिसला सांगा, ऑटोकॅडमधून आर१२ (जुनं व्हर्जन) डीएक्सएफ करून द्या. आर१२ मध्ये स्प्लाइन हा प्रकारच नाही, त्यामुळे सेव्ह करताना तिच्या पॉलीलाइन (सांधलेल्या तुकड्यांच्या रेषा) होतात. जुन्या मशीनला ते मानवतं.

इतवारीचा बोर्डवाला
नावाचं मी सांगतो. एक्सक्यू म्हणजे कृतिदेवमधला 'गु'. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी एक्सच्या जागी ग असतो आणि क्यूच्या जागी ऱ्हस्व उकार. रोज हेच बघतो. फाइलमध्ये इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट त्यांना मराठी कपडे घालतो. तुमच्याकडे फॉन्ट नाही, म्हणून उघडे दिसतात.

पण फॉन्ट टाकूनही तुमचं काम होणार नाही, लेझरला अक्षर नको, रेघ पाहिजे. पाठवणाऱ्यालाच सांगा, कोरलमध्ये कंट्रोल-क्यू मारून कर्व्ह करून द्या. ऑटोकॅडच्या एक्सप्रेस टूल्समध्ये त्यासाठी टीएक्सटीईएक्सपी कमांड आहे, पण ती बारीक बारीक तुकडे करतं, मला आवडत नाही. कर्व्ह केल्यावर कोरलमध्येच वेल्ड करायला, म्हणजे एकमेकांवर चढलेले आकार एक करायला, विसरू नका. मराठीत शिरोरेषा आणि अक्षराचा दांडा एकमेकांवर चढलेले असतात. वेल्ड नाही केलं तर लेझर प्रत्येक जोडावर कापतं आणि अक्षरं सुटी होऊन पडतात.

अजून एक. आरपार कापायचं असेल तर 'प'चं पोट शिरोरेषेने बंद होतं. आतला तुकडा खाली पडतो आणि तिथे नुसतं भोक राहतं. एखादा दीड-दोन मिलिमीटरचा पूल ठेवा. सुरुवातीला मी एका देवळाच्या पाटीत पाच अक्षरांची पोटं पाडली होती, फुकटात दुसरी करून द्यावी लागली.

धंतोलीची विद्यार्थिनी
मध्येच विचारते, सॉरी. सर्व्हेची डीडब्ल्यूजी स्केचअपमध्ये (३डी मॉडेलचं सॉफ्टवेअर) घेतली की कडा थरथरतात, फिरवताना भिंती अर्धवट गायब होतात. हेही एककामुळे का?

मोजणीवाला
नाही ताई, ते आमच्यामुळे. आम्ही यूटीएम कोऑर्डिनेट्सवर काढतो, म्हणजे पृथ्वीचे पट्टे (झोन) पाडून जागा मीटरमध्ये सांगायची पद्धत. नागपूर झोन ४४ मध्ये येतं. इथे पूर्वेचा आकडा ३ लाख मीटरच्या आसपास आणि उत्तरेचा २३ लाख ४० हजारच्या आसपास. तुमचा प्लॉट शून्यापासून तेवढा लांब जाऊन बसतो आणि स्केचअपची अचूकता तिथे डगमगते. रेव्हिट हे इमारतीच्या मॉडेलचं सॉफ्टवेअरही शून्यापासून फार लांब गेलं की कुरकुर करतं. कॅडमध्ये प्लॉटचा एक कोपरा ०,० वर आणा, किती सरकवलं ते दोन्ही आकडे लेअरवर लिहून ठेवा, मग इम्पोर्ट करा. परत देताना तेवढंच मागे सरकवा. लिहून ठेवलं नाही तर मग मला फोन येतो.

हिंगण्याचा पत्रेवाला
अपडेट देतो. २५.४ ने वाढवलं, ९१४.४ बरोबर आलं. ओव्हरकिलने २१२ रेषा काढल्या, विश्वास बसेना. जॉइननंतर ४७ पैकी ४४ ठिकाणं मिटली. तीन मात्र काही केल्या जुळेनात. झूम करून करून डोळे दुखले, टोकाला टोक लागलेलं दिसतं.

वर्धा रोडचा ड्राफ्ट्समन
त्या रेषांवर क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये झेड (उंची) बघा. एकीचा झेड ० आणि दुसरीचा ३०० असेल, तर वरून जुळलेल्या दिसतात, प्रत्यक्षात एक मजल्यावर आणि एक माळ्यावर. फ्लॅटन चालवा, सगळं एका पातळीवर येईल.

हिंगण्याचा पत्रेवाला
झेड १५०! तिन्हींचा. आर्किटेक्टच्या पोराने म्हणे पायऱ्यांच्या ३डी मॉडेलवरून उचलल्या होत्या. फ्लॅटन केलं, जॉइन केलं, एकही उघडं राहिलं नाही. 'गुरुकृपा' कर्व्ह करून मागवलंय, वेल्ड करूनच पाठवा असं सांगितलं. 'प'ला दोन मिलिमीटरचा पूल ठेवायला लावला, बोर्डवाले दादा, आभार.

पहिला पीस पोराने भोक पाडून गाडीच्या किल्लीला लावलाय. काढ म्हटलं तरी काढत नाही.

तर्रीपोहे
फोटो टाका न भाऊ.