माशाची नारिंगी फुलदाणी: अमेरिकन की फिरोजाबादची?

प्रश्न (फुलदाणीवाली): 9 इंच उंचीची फुलदाणी आहे. अंगाला वेटोळं घातलेला मासा, खवले उठावाचे, नारिंगी रंगावर जांभळी-हिरवी झळाळी. तळाला खूण दिसत नाही. विकणारा म्हणतो, 'फेंटन या अमेरिकन कंपनीची कार्निव्हल ग्लास (वर झळाळीचा थर दिलेली काच), 1910 सालची.' घ्यावी का?

काचभिंग: मासा म्हटल्यावर आधी फिरोजाबाद आठवावं. तिथल्या जैन ग्लास वर्क्सने 1930च्या दशकापासून अशा फुलदाण्या काढल्या. मासा, हत्ती, फुलदाणी धरलेला हात हे त्यांचेच ठरलेले आकार. काही नगांवर रोमन लिपीत 'जैन' असतं, पण इतकं उथळ की समोरून उजेड टाकला तर दिसत नाही. टॉर्च काचेला जवळजवळ टेकवून आडवा धरा आणि तळ सावकाश फिरवा. नाव नाही सापडलं तरी जैन बाद होत नाही.

मग तोंडातून बोट घाला, नाही पोहोचलं तर पेन्सिल. बाहेर उठाव तिथे आत खड्डा लागला, तर काच साच्यात फुंकलेली. आतून गुळगुळीत असेल तर दट्ट्याने दाबलेली. अमेरिकन कार्निव्हल बहुतांशी दाबलेली आहे.

जुनीकाच: विकणाऱ्याची 'फेंटन' नीट तपासा. फेंटनने ही झळाळीची काच 1907च्या सुमारास बाजारात आणली, पण त्या काळच्या कार्निव्हलवर त्यांचा शिक्का नसे. लंबगोलातलं 'फेंटन' 1970 नंतरचं. त्याखाली 8 असेल तर 1980चं दशक, 9 असेल तर 1990चं. म्हणजे शिक्का दाखवून कोणी 1910 सांगत असेल, तर शिक्काच त्याला खोटं पाडतो! नॉर्थवुड या दुसऱ्या अमेरिकन कंपनीची खूण वेगळी: वर्तुळात अधोरेखित 'एन'.

फुलदाणीवाली: आत खड्डे लागतात, खवलेसुद्धा जाणवतात. तळाची काच बिनरंगी आहे. अतिनील टॉर्चखाली मंद हिरवट दिसली. युरेनियम असेल का?

काचभिंग: युरेनियमची काच झगझगीत हिरवी पेटते, शंका राहत नाही. मंद हिरवट बहुधा मँगनीजमुळे, आणि तेवढ्यावरून साल ठरत नाही. टॉर्च 395 नॅनोमीटरचा असेल तर त्याचाच जांभळा उजेड घोटाळा करतो, 365चा वापरा. तळ बिनरंगी असणं बरोबरच आहे. नारिंगी रंग काचेत नसतो, गरम काचेवर लोहक्षार फवारून आणलेला असतो.

आत खड्डे आणि वर मासा, म्हणजे मी तरी फिरोजाबादच म्हणेन. नेमकं साल मात्र कोणाकडूनही लिहून घेऊ नका. तेच साचे पुढे कित्येक दशकं चालले. फार तर तळाची झीज 10 पट भिंगातून पाहा. वापराचे ओरखडे टेकणाऱ्या कडेवरच आणि वेड्यावाकड्या दिशांना असतात. सगळे एकाच दिशेने गेले असतील तर कोणीतरी पॉलिश पेपर फिरवलाय.

जुनीकाच: घेतलीत तर चिंच, लिंबू, व्हिनेगर, ब्लीच, पितळ घासायची पावडर काही लावू नका. झळाळी हा वरचा पातळ थर आहे. गेला की परत येत नाही. प्लास्टिकच्या टबात जाड टॉवेल, कोमट पाणी, सौम्य साबण, बस. धुतल्यावरही आत पांढरट धूसरपणा राहिला तर तो मळ नाही, पाणी साचून काचच खराब झालेली असते. मग किंमत पाडून मागा. आणि पैसे फिरोजाबादचेच द्या, फेंटनचे नाही.