शब्दचर्चा: आपोआप जाणाऱ्या ईमेलचा ‘प्रेषक’ कोण?

एका सॉफ्टवेअरच्या सेटिंगचं पान मराठीत करतेय. सिस्टीममधून आपोआप ईमेल जातात ना, पासवर्ड विसरलात, नोंदणी झाली वगैरे, त्यांच्यावर कुठला पत्ता दिसावा ते बदलायचा एक पर्याय आहे. आधी लिहिलं ‘जावक स्वयंचलित ईमेल प्रेषक पत्ता बदला’, वाचताना मलाच धाप लागली. मग ‘प्रेषकाचा पत्ता बदला’ केलं तर ते मोबाइलवर बटणात मावेना, म्हणून कुणीतरी मधला शब्द उडवला आणि आता तिथे ‘प्रेषकाचा बदला’ असं दिसतंय, म्हणजे सूडकथाच झाली. काय लिहू?

—

😄 ‘जावक’ शब्द चांगलाय, आवक-जावक रजिस्टर पाहिलेल्या कुणालाही कळेल, पण इथे गरजच नाही. आलेल्या ईमेलचा प्रेषक आपण थोडाच बदलणार आहोत? आणि ‘स्वयंचलित’ दरवाजा असतो, ईमेल आपोआप जातो (की जाते? तो वाद वेगळा, इथे नको).

—

शब्दाच्या आधी वस्तू कुठली ते बघा. एका ईमेलला पाठवणाऱ्याच्या बाजूचे चार पत्ते असू शकतात. वाचणाऱ्याला दिसतो तो ‘फ्रॉम’. उत्तर जिथे जावं तो ‘रिप्लाय-टू’. ईमेल पोचला नाही तर बाऊन्स, म्हणजे ‘पोचला नाही’ असं सांगणारा ईमेल, जिथे परत येतो तो ‘रिटर्न-पाथ’, हा पाकिटावरचा पत्ता समजा, आतल्या कागदावर काय लिहिलंय त्याच्याशी त्याचा संबंध असेलच असं नाही. आणि चौथा ‘सेंडर’. गंमत इथेच आहे. २००८ च्या आरएफसी ५३२२ मध्ये, म्हणजे ईमेलचा साचा ठरवणाऱ्या तांत्रिक दस्तऐवजात, उदाहरणच दिलंय की सेक्रेटरीने दुसऱ्याच्या वतीने ईमेल पाठवला तर सेक्रेटरीचा पत्ता ‘सेंडर’मध्ये आणि ज्याचं म्हणणं आहे त्याचा ‘फ्रॉम’मध्ये. म्हणजे काटेकोर बघायचं तर प्रेषक म्हणजे सेक्रेटरी, आणि आपण सगळे ‘फ्रॉम’ला प्रेषक म्हणत बसलोय! तिथे साधं ‘कडून’ जास्त बरोबर आहे.

—

हे पटलं, पण ‘कडून पत्ता बदला’ कोण म्हणतं? शब्दयोगी अव्यय असं एकटं उभं राहत नाही, आधी कुणीतरी लागतं. ईमेलच्या डोक्यावर ‘कडून:’ चालेल, कारण पुढे लगेच नाव येतं. सेटिंगमध्ये नाही चालणार.

आणि कृपा करून ‘प्रेषित पत्ता’ करू नका, मी पाहिलंय ते. प्रेषक म्हणजे पाठवणारा, प्रेषित म्हणजे पाठवलेला, आणि मराठीत प्रेषित म्हटलं की देवाने पाठवलेलाच डोळ्यापुढे येतो. पासवर्डच्या ईमेलला एवढा मान नको.

—

मी लेबलपेक्षा खालच्या ओळीवर जास्त वेळ घालवेन, कारण लोक तिथे आपला फुकटातल्या ईमेलचा पत्ता टाकतात आणि मग ईमेल स्पॅममध्ये गेले म्हणून ओरडतात. मीपण केलंय हे, दोन दिवस सर्व्हरला शिव्या देत होतो. पाठवतोय आपला सर्व्हर आणि नाव लावतोय दुसऱ्याच्या डोमेनचं (पत्त्यात @ च्या पुढे असतं ते), त्या डोमेनने आपल्या सर्व्हरला परवानगी दिलेली नसते, मग एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या पाठवणारा खरा आहे का ते बघणाऱ्या तपासण्यांत अडकणारच. २०२४ च्या फेब्रुवारीपासून तर जीमेल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांसाठी हे नियम आणखी कडक केलेत. तेव्हा ‘तुमच्याच डोमेनचा पत्ता द्या’ एवढं तरी लिहाच.

—

ठीक, मग असं करते. लेबल: ‘ईमेलवर दिसणारा पत्ता’. खाली बारीक अक्षरात: ‘आपोआप जाणारे ईमेल या पत्त्यावरून आल्यासारखे दिसतील. तुमच्याच डोमेनचा पत्ता द्या.’ बटणावर नुसतं ‘बदल करा’. ‘रिप्लाय-टू’ला ‘उत्तरासाठी पत्ता’. बाऊन्सवाल्याला ‘परतीचा पत्ता’ म्हणणार होते, पण तो उत्तराचाच वाटेल, म्हणून ‘न पोचलेले ईमेल इथे परत येतील’ असं अख्खं वाक्यच टाकतेय.

बाकी ते ‘प्रेषित पत्ता’ आमच्या जुन्या भाषांतरात सात ठिकाणी निघालं. काढतेय.