मदत हवी आहे: आठवणीतली पायली कागदावर कशी उतरवायची?

मालवण-वेंगुर्ल्याहून मुंबईच्या गिरणगावात गेलेल्या चाकरमान्यांच्या खाण्याच्या आठवणी लिहून घेतोय. गाडी मापांवर अडलीय. पायलीचे शेर चार, शेराची चिपटी चार, इथवर ठीक. पण ही मापं आकारमानाची. एकाच शेरात कुळीथ आणि पोहे भरले तर वजनात केवढा फरक! त्यामुळे सरसकट किलो लिहिले की पाककृती बिघडते. त्यात पायली गावागणिक बदलते. घरातलं पितळी माप पाण्याने भरून मिलिलिटर मोजता येतात. लाकडी झिरपतं, त्यात मोहरी भरून तीच मोजपात्रात ओतावी लागते. पण शीग लावून भरायचं की सपाट? तुमच्याकडे काय रीत?

‘कोकम’ शब्दही फसवा. आगळ मिठातलं, सरबत साखरेतलं. सोलकढीत दुसरं गेलं की संपलंच.

काळ कसा ठरवता? साल विचारलं की माणसं अडखळतात. ‘बोटीने आलात की एसटीने?’ विचारलं की बोलतात. रेल्वे म्हणाले तर कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली 1998 मध्ये. 1982 च्या गिरणी संपाआधीचं-नंतरचं जेवण वेगळं काढायला असाच एखादा प्रश्न सुचवा ना.