सारागढी पडली ती संख्येमुळे की बांधकामामुळे?

गडवाट:
१२ सप्टेंबर १८९७. वायव्य सरहद्दीवरच्या (आज पाकिस्तानात) समाना डोंगररांगेवरच्या सारागढी चौकीत इंग्रजांच्या ३६ व्या शीख पलटणीचे २१ जवान, प्रमुख हवालदार ईशरसिंग. समोर हजारो ओरकझाई आणि आफ्रिदी पठाण टोळीवाले. 'दहा हजारांसमोर एकवीस' म्हटलं की आपली चर्चा तिथेच संपते. माझ्या मते चौकी एका कोपऱ्याने घालवली. बुरुजाचा एक कोपरा असा बांधला होता की जंग्यांमधून (बंदुकीसाठी तटात ठेवलेल्या भोकांतून) तिथे गोळी पोचत नव्हती. झुडपं पेटवून धुराच्या आडोशाने हल्लेखोर तटाला भिडले आणि त्या आंधळ्या कोपऱ्यात बसून तटाचे दगड उपसू लागले. जवळच्या गुलिस्तान किल्ल्यातून मेजर दे व्हो यांना हे दिसत होतं. त्यांनी इशारे केले, पण सारागढीत ते वाचायला माणूस मोकळा नव्हता. बाजूने मारा करणारा छोटा बुरूज असता तर खणणाऱ्यांना तिथे बसताच आलं नसतं.

रानवाटा:
असहमत. कोपरा बुजवला असता तरी शेवट टळला नसता. त्यांच्या मार्टिनी-हेन्री बंदुकीत एका वेळी एकच काडतूस. सलग झाडल्या की नळी तापते, काडतुसाची रिकामी पुंगळी अडकते, काळ्या दारूच्या धुराने समोरचं दिसेनासं होतं. त्यातून माणसं जखमी होत गेली की तेवढ्या जंग्या रिकाम्या पडतात. सकाळी ९ पासून दुपार कलेपर्यंत चौकी झुंजली, हेच बांधकामाच्या बाजूने बोलतं. पावनखिंडीत तोफेचा आवाज येईपर्यंत थांबायचं होतं. इथे तशी कुठली वेळ ठरलेली नव्हती, हे विसरू नका.

गडवाट:
मग चौकी ठेवलीच कशाला? लॉकहार्ट आणि गुलिस्तान हे दोन किल्ले एकमेकांना दिसत नाहीत, म्हणून मधल्या उंचवट्यावर हेलिओग्राफसाठी (आरशाच्या चमकेने निरोप पाठवायचं यंत्र). म्हणजे निरोप पोचवायचं ठाणं, आणि लढाई मात्र किल्ल्याची. लॉकहार्टमधून कर्नल हॉटन यांना हाती असलेल्या माणसांत मदत पोचवता आली नाही. मूळ चूक ही.

दूरदर्शक:
हेलिओग्राफचं काम नीट समजून घ्या. उन्हात आरसा सूर्याकडे धरून समोरच्या ठाण्यावर झोत साधायचा आणि कळ दाबून लांब-आखूड चमक पाठवायची. सूर्य सरकतो तसा आरसा सतत फिरवावा लागतो. एकाने पाठवायचं, दुसऱ्याने दुर्बिणीतून वाचायचं, तिसऱ्याने लिहून घ्यायचं, अशी ही कामं. ती सगळी चौकीतले जवान गुरमुखसिंग एकटे करत होते. शेवटी बंदूक हाती घ्यायची परवानगी मागून त्यांनी यंत्र आवरलं आणि ते लढायला उतरले. त्या निरोपांमुळेच लढाईचा क्रम आज सांगता येतो.

रानवाटा:
आणि वेळ फुकट गेला नाही. सारागढी घेतल्यावर जमाव गुलिस्तानवर वळला. हवालदार कलासिंग यांच्या तुकडीने बाहेर पडून शत्रूची निशाणं हिसकावली. १४ तारखेला जनरल येटमन-बिग्ज यांची कुमक येईपर्यंत गुलिस्तान टिकलं.

गडवाट:
गुलिस्तानच्या शौर्याबद्दल वाद नाही. पण सारागढीच्या २१ जणांना जबाबदार धरता येत नाही अशा चुकीवर पांघरूण घालू नये. ओरकझाईंच्या डोंगरावर इंग्रजांनी १८९१ च्या मोहिमेनंतर ठाणी बांधली, त्या बांधणीचे हिशेब शीख जवानांनी चुकते केले. सर्वांना इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट मिळालं. व्हिक्टोरिया क्रॉस हिंदी सैनिकांना १९११ पर्यंत बंदच होता.

दूरदर्शक:
पुरस्कारांबद्दल पटलं. पण 'युनेस्कोच्या आठ शौर्यकथांमध्ये सारागढी' असं कृपया कुणी इथे चिकटवू नका. तशी यादी नाही.

रानवाटा:
तटाबद्दल अर्धं मान्य. पण तो कोपरा झाकायला बुरुजात किमान दोन बंदुका अडकल्या असत्या, आणि २१ पैकी एक आधीच आरशापाशी. दरवाजावरून त्या दोन काढल्या असत्या का, ते सांगा.