रेसचा घोडा, उजवं वर्तुळ आणि चुकणारा कँटर

पहाटपागा:
रेसमधून निवृत्त झालेला थरोब्रेड (रेसच्या जातीचा घोडा), वय 8, वजन अंदाजे 450 किलो. डावीकडच्या वर्तुळावर काम ठीक. उजवीकडे 20 मीटरचं वर्तुळ घेतलं की खांदा आत टाकतो, ट्रॉट (दुडकी चाल) पळता होतो आणि कँटर (त्याहून वेगाची चाल) मागितला की उजव्याऐवजी डावा पाय पुढे. लगाम धरला तर आणखी जोर करतो. नोकरीमुळे आठवड्यात तीनच राइड, 45 मिनिटांच्या. माझं वय 41, दिवसभर खुर्ची, उजवी कंबर आखडलेली, त्यात कँटरची धास्ती. दोन महिन्यांनी 20×40 मीटरच्या मैदानात ठरलेल्या चाली करून दाखवायची सोपी टेस्ट आहे. सुरुवात कुठून करू?

खरारा:
लगाम ताणला की जोर करणं ही त्याची खोड नाही, शिकवण आहे. रेसमध्ये घोडा लगामावर रेलून पळतो, म्हणजे तुम्ही 'थांब' म्हणता आणि त्याला 'चल' ऐकू येतं. वेग लगामाने नव्हे, वर्तुळाने आणि ट्रॉटमध्ये खोगिरात उठण्या-बसण्याच्या तुमच्या लयीने कमी करा. ट्रॉट पळता झाला की वॉकवर (साध्या चालण्यावर) या, तीन-चार पावलं टाका, पुन्हा ट्रॉट. एका राइडमध्ये वीस वेळा करावं लागलं तरी करा.

आता वर्तुळ. बहुतेकांचं वर्तुळ नसतंच, अंडं असतं. मैदानातल्या जागांना अक्षरं असतात. 20×40 मध्ये ए-चं वर्तुळ चार ठिकाणी टेकतं: ए (आखूड बाजूचा मध्य), एक्स (मैदानाचा मध्य), आणि दोन्ही लांब बाजूंवर कोपऱ्यापासून 10 मीटरवर. लांब बाजूंवरची के आणि एफ ही अक्षरं कोपऱ्यापासून 6 मीटरवर, म्हणजे टेकायची जागा त्यांच्या 4 मीटर पुढे. लोक अक्षरालाच टेकतात आणि कोपऱ्यातही शिरतात, मग घोडा सरळ-वळण-सरळ चालतो आणि प्रत्येक वळणाला खांदा टाकतो. चारही ठिकाणी दीड मीटर अंतराने दोन-दोन शंकू (ट्रॅफिकचे असतात तसे) ठेवा नि मधून जा.

खांदा आत आला की आतला लगाम ओढू नका. मान तेवढी वळते, खांदा आणखी पडतो. तुमचा आतला पाय तंगाजवळ (खोगिराच्या पोटाखालच्या पट्ट्याजवळ), बाहेरचा लगाम स्थिर. 15 मीटरचं वर्तुळ घेऊन पायाने त्याला बाहेर ढकलत 20 वर न्या. कँटर मागायची वेळ तीच: बाहेर सरकत असताना, 20 वर पोचायच्या एक-दोन पावलं आधी.

ढिली_रिकीब:
घोड्याआधी रिकिबीचे (पाय ठेवायच्या कड्यांचे) पट्टे मोजा. रोज डावीकडून चढलं की डावा पट्टा ताणून लांब होतो. भोकं सारखी दिसतात, लांबी नसते. दोन्ही पट्टे काढून शेजारी शेजारी लटकवा. दर आठवड्याला बाजू बदला आणि ओट्यावरून चढा.

दुसरं, उजवी कंबर मोडली की बैठक डावीकडे सरकते. वजन डावीकडे, म्हणून डावा कँटर. घोडा बिचारा सांगितलेलंच करतोय. फोन कुंपणावर ठेवून मधल्या रेषेवरून दूर जातानाचा व्हिडिओ मागून घ्या. खोगिराची मधली शिवण आणि घोड्याचा कणा एका रेषेत दिसायला हवेत. दिसत नसतील तर खोगीर बसवणाऱ्यालाही दाखवा: रेस सोडल्यावर पाठीचा आकार बदलतो, आधी बसलेलं खोगीर पुढे बसत नाही. राइडच्या सुरुवातीला रिकीब सोडून पाच मिनिटं वॉक. साईस (घोड्याची देखभाल करणारा) लगाम धरायला असेल तर उत्तम.

कडबाकुट्टी:
तंग आवळताना कान मागे टाकतो का? दाणा अर्धवट सोडतो का? रेसच्या घोड्यांत पोटातले अल्सर सर्रास असतात, आणि दुखऱ्या पोटाचा घोडा वाकत नाही. एंडोस्कोपी करणारा पशुवैद्य गाठा. दातही तपासून घ्या. एका बाजूच्या दाताचं टोक गालाला लागत असेल तर त्या बाजूला मान द्यायला कुरकुरतो.

खुराक कामाइतका. सुका चारा रोज वजनाच्या 2 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे 9 किलो, तीन-चार वेळा वाटून. राइडआधी किलोभर लसूणघास. रिकाम्या पोटात आम्ल उसळतं. रेसचा ओट तसाच चालू असेल तर दहा दिवसांत हळूहळू उतरवा. राइड नाही त्या दिवशी दाणा कमी आणि साईसाकडून अर्धा तास हाताने फिरवणं, नाहीतर चौथ्या दिवशी तुमच्याखाली फटाका.

पहाटपागा:
डावा पट्टा चक्क दोन बोटं लांब निघाला! तंगाला कान मागे जातात, वैद्यांना बोलावते. पण भीतीचं काय?

खरारा:
सध्या कँटर फक्त सहा पावलं. तसंच बाहेर सरकवत, कोपऱ्याकडे जाताना मागा, पावलं मोठ्याने मोजा (बोलताना श्वास रोखता येत नाही), सहाव्याला ट्रॉट. थांबवायचं कधी हे आधीच ठरलेलं असलं की हात लगामाला लटकत नाहीत. चुकीच्या पायावर आला तर झटका न देता ट्रॉट, 15 चं वर्तुळ, पुन्हा. तीन बरोबर आले की त्या दिवशीचा कँटर बंद. सहाची दहा पावलं दोन आठवड्यांनी करा, पण वैद्यांनी पोट पाहिल्यानंतरच.